लसीचा कौल

आमच्या हायबोए गावाला सकाळी कोंबडा उठवत नाही, युचाय उठवते. देवळाच्या छपरावर चार दिशांना चार कर्णे आहेत आणि सरपंच म्हणून त्यांचा माइक तिच्या हातात असतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. घसा खाकरायचा, माइकवर टिचकी मारायची आणि थेट नाव घेऊन सुरू व्हायचं: कोणाच्या फुटक्या बादलीत डास झालेत, कोणी कालवांची टरफलं गटारात लोटली, कोणाची स्कूटर रस्त्यात आडवी उभी आहे. माझं उदबत्त्यांचं दुकान देवळाला लागूनच, म्हणून हे सगळं मला सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ऐकावं लागतं. जरा आवाज कमी कर, असं एकदा सांगायला गेले तर म्हणाली, "हिओंगताई, कमी केला तर तुम्हालाच ऐकू जातो. ज्यांना जायला पाहिजे त्यांना जात नाही."

ती मूळची या गावची नाही. उसाच्या पट्ट्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिने समुद्रही धड पाहिला नव्हता. कालवं फोडायला तिला सासूने शिकवलं. सासू म्हणजे बोंगछी मावशी; युचाय तिला आईच म्हणते. जुन्या काळी मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं असलं नाव ठेवायचे; झालीच आहे तर वाढवा आता, एवढाच त्याचा अर्थ. अशी नकोशी म्हणून वाढलेली ही बाई ऐंशी पार करून अजून कालवं फोडायच्या शेडमध्ये बसते, आणि सुरी चालवण्यात गावात तिला तोड नाही. युचायचा नवरा लिव्हरच्या दुखण्याने गेला. मुलगा लांब शिनचू शहरात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आहे, तो नव्या वर्षाला येतो तेवढाच. घरात या दोघीच. त्यांचं पटतं का, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की दिवसभर भांडतात आणि जेवताना माशाच्या पोटाचा तुकडा एकमेकींच्या वाडग्यात टाकत बसतात.

सरपंच ती भांडूनच झाली. आधीचा सरपंच दुपारपासून प्यायचा आणि माइकवर जुनी रडकी गाणी म्हणायचा. एका वादळात घरात पाणी शिरायला लागलं तरी हा गातच होता. युचाय गुडघाभर पाण्यातून आली, त्याच्या हातून माइक काढून घेतला, कोणी कुठे जायचं ते सांगितलं, आणि तो माइक तिने परत दिलाच नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला निवडून दिलं. लोकांना वाटलं, बाईला ओरडायची हौस आहे, ओरडू दे. ओरडणारीचं ऐकावंही लागतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते कळलं मास्कच्या वर्षी. नवा रोग अजून गावापासून लांब होता, पण युचायने अंगात आल्यासारखी तयारी सुरू केली. कालवांच्या शेडमधली स्टुलं तिने ओढून लांब लांब ठेवली. बायकांनी ती पुन्हा जवळ ओढली, कारण एवढ्या लांबून चहाड्या कशा करायच्या. तिने जमिनीवर लाल रंगाने गोल काढले. देवळाच्या पायरीवर ताप बघायचं यंत्र घेऊन ती स्वतः उभी राहायची, आणि आत शिरताना हातावर स्पिरिट मारायची. शेजारच्या तेककाकाने ओल्या हातानेच उदबत्ती पेटवली आणि मनगटावरचे केस जाळून घेतले. आता हात वाळवून मग काडी ओढावी, एवढी अक्कल साठ वर्षांच्या माणसाला असायला हरकत नाही. पण दोष कोणाचा, तर युचायचा. तेक पुढे महिनाभर ते मनगट भेटेल त्याला दाखवत होता.

मला तिचा राग यायचा आणि तिची दयाही यायची. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, हे तिच्याकडे बघून पटायचं.

मग थंडी जवळ आली आणि फ्लूच्या लशीचे दिवस आले. दरवर्षी ही लस येते, दरवर्षी अर्धे म्हातारे टाळाटाळ करतात. त्या वर्षी मात्र उलटंच झालं. नव्या रोगावर लस अजून निघायची होती, म्हणून लोकांना वाटलं, जी कोणती सुई मिळते ती टोचून घ्यावी. तालुक्याच्या दवाखान्यासमोर पहाटेपासून रांगा लागल्या, लस संपली, आमचे लोक बसने जाऊन हात हलवत परत आले. परत आले ते थेट युचायच्या दारात. बाजूच्या गावाला मिळते मग आपल्याला का नाही, तू सरपंच कशाला झालीस, नुसती भोंग्यावर ओरडायला का, असं तेक तिच्या अंगणात उभा राहून बोलला. तिथे उभं राहून मान डोलावणारेही बरेच होते.

युचायने सरळ स्कूटर काढली आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसली. नर्स कोबाईंनी तिला सांगितलं की नवीन साठा येईपर्यंत थांबा. ती थांबली, पण घरी नाही, त्यांच्याच बाकावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. शेवटी कोबाई कंटाळल्या आणि पुढच्या गुरुवारी सकाळी पथक हायबोएच्या देवळासमोर येईल असं कबूल केलं. त्या संध्याकाळी भोंग्यावर तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात मी पहिल्यांदा आनंद ऐकला. लस घेणाऱ्याला अंड्यांचा एक खोका आणि शेवयांचं पाकीट मिळेल, असंही ती म्हणाली. ते तिने स्वतः दुकानदारांच्या मागे लागून गोळा केलं होतं.

आणि लगेच टीव्हीवर बातमी आली. कुठल्याशा देशात फ्लूची लस घेतल्यावर काही म्हातारी माणसं गेली. ती लशीने गेली की आणखी कशाने, याची चौकशी चालू आहे, असं बातमीतच सांगत होते. पण चौकशी कोण ऐकतो. जे लोक लस का नाही म्हणून तिच्या अंगणात नाचले होते, तेच आता तिला रस्त्यात अडवून विचारायला लागले की आम्हाला मारायला निघालीस का. तेक म्हणाला, अंड्याच्या खोक्यात जीव विकत घेतेय. बरं, ही लस नव्या रोगावरची नव्हेच, ही जुन्या तापावरची, हे ती पहिल्यापासून सांगत होती. ते त्यांना आता ऐकू आलं. मग घ्यायचीच कशाला, म्हणाले.

ती समजवायची. दोन्ही ताप एकदम आले तर कोणाला कोणता झालाय ते कळणार नाही, दवाखान्यात खाट मिळणार नाही, म्हणून निदान एकाचं दार तरी बंद करून ठेवा. मी स्वतः ऐकलंय, दहा दारांत तिने हेच दहा वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी बाकीचे गेले खड्ड्यात. तिचा खरा जीव अडकला होता तो घरात. आदल्या हिवाळ्यात बोंगछी मावशीच्या छातीत कफ भरला आणि ती बरेच दिवस दवाखान्यात होती. नाकात नळी घातलेली, हाताला सुया टोचून टोचून निळे डाग. डॉक्टरांनी युचायला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही छाती आणखी एक असला ताप काढणार नाही. तेव्हापासून म्हातारी खोकली की युचाय हातातलं काम टाकायची. या वर्षी काही झालं तरी सासूला ही सुई टोचायचीच, हे तिने ठरवलं होतं. आणि मावशी म्हणाली, नाही.

"ओंगयाला विचारल्याशिवाय मी सुई घेणार नाही," एवढंच ती म्हणाली आणि कालवं फोडत राहिली.

ओंगया म्हणजे आमचा देव. रोगराई पळवणारा म्हणूनच त्याला या किनाऱ्यावर बसवलाय. दर काही वर्षांनी त्याची लाकडी नाव करून गावातली सगळी साथ तिच्यात भरायची आणि नाव पेटवून द्यायची, ही आमची रीत. त्या वर्षी गर्दी नको म्हणून नावेचा उत्सव युचायनेच रद्द करायला लावला होता. आता रोगाच्या देवाला डावलून रोगाची सुई घ्यायची, हे म्हाताऱ्यांना पटणं कठीणच होतं. आणि गावातले सगळे म्हातारे बोंगछी मावशीकडे बघून चालतात. ती कधी खोटं बोललेली कोणाला आठवत नाही. ती सुई घ्यायला गेली तर सगळे जाणार, ती नाही तर कोणी नाही.

मी एकदा शेडमध्ये तिच्या शेजारी बसले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हटलं, मावशी, सुनेचा जीव टांगणीला लावलाय तुम्ही, एवढा हट्ट बरा नाही. तिने सुरी थांबवली नाही.

"हिओंग, मी कफाने गेले तर लोक काय म्हणतील? म्हातारी होती, गेली. आणि सुई घेऊन तिसऱ्या दिवशी पाय घसरून पडून जरी गेले, तरी काय म्हणतील? युचायने मारली." तिने कालव बादलीत टाकलं. "मी जाईन गं. तिला इथेच राहायचंय, याच लोकांत. देवाने हो म्हटलं असेल तर मग कोणाची तिला बोलायची टाप नाही."

मी हे युचायला सांगणार होते. मावशीने सुरीचं टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाली, सांगितलंस तर बघ. 

युचायला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त हट्ट दिसत होता. मंगळवारी दुपारी ती तणतणत देवळात आली आणि म्हणाली, कौल लावायचा ना, लावते. देवळाचे पुजारी खुनकाका वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांनी तिला शांतपणे सांगितलं की कौल माणसाने आपल्यापुरता लावायचा. नाव सांगायचं, घर सांगायचं, एकच साधा प्रश्न विचारायचा. सासूला घेऊन ये, तिला विचारू दे.

"एकेकाचं विचारत बसायला वेळ कुठे आहे काका? गुरुवार आला. एकदाच सगळ्या गावाचं विचारते."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने शेजारच्या कचेरीतून माइक ओढून आणला. मी म्हटलं, अगं हे कशाला. तर म्हणाली, मी एकटीने कौल घेतला तर लोक म्हणतील खोटा सांगितला. प्रत्येकाने आपल्या कानाने ऐकू दे. शेडमधल्या बायका, धक्क्यावरचे पुरुष, सगळं गाव हातातलं काम टाकून ऐकत होतं. तिने गुडघे टेकले आणि भोंग्यावरून देवाला विचारलं की गुरुवारी हायबोएच्या सगळ्या लोकांनी लस घ्यावी, यात सगळ्यांचं भलं आहे ना. कौलासाठी देवापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर; त्या कपाळाला लावून तिने खाली टाकल्या.

एक उताणी आणि एक पालथी पडली की होकार. तसे तीन होकार लागोपाठ लागतात. पहिल्याच खेपेला दोन्ही उताण्या पडल्या.

कौल कसा पडला ते मोठ्याने सांगायचं, ही पुजाऱ्याची रीत. खुनकाका बिचारे रीतीला बांधलेले. "देव हसतोय," ते म्हणाले, आणि गावाने ऐकलं. म्हणजे प्रश्न नीट नाही. युचायने दात आवळून पुन्हा तोच प्रश्न विचारला, जरा जास्त जोरात. दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदाही दोन्ही पालथ्या. "देव नाही म्हणतो," खुनकाका म्हणाले, आणि ते चारही कर्ण्यांतून खाडीच्या पलीकडे गेलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं.

नंतर माइक बंद करून खुनकाका तिला म्हणाले, "पोरी, गावात एवढी माणसं. कोणाला दमा, कोणाला मधुमेह, कोण आज ना उद्या जायचाच. सगळ्यांची हमी एका दमात देव तरी कशी घेईल?"

हे शहाणपण भोंग्यावर गेलं असतं तर बरं झालं असतं. पण तोवर माइक बंद होता.

संध्याकाळपर्यंत तिच्या दारात रांग लागली, लशीच्या यादीतून नाव काढून टाका म्हणायला. काही जण तेवढ्यातही अंडी मिळतील का ते विचारून गेले. बुधवारी नर्स कोबाईंचा फोन आला. साठा कमी आहे, इतर गावं मागतायत, तुमच्याकडे नक्की किती लोक येतील ते सांगा. दुसरं कोणी असतं तर खोटा आकडा फेकला असता. युचायने खरं ते सांगितलं, की मूठभरच येतील, आणि बाकीच्या लशी कोबाईंनी दुसऱ्या गावाला देऊन टाकल्या. फोन ठेवून ती माझ्या दुकानात येऊन बसली. मी चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"मला काय मिळतं हो यातून? त्यांच्यासाठी भांडले, त्यांच्यासाठी बाकावर बसले, अंड्यांसाठी भीक मागितली. सरपंचकी गेली चुलीत. पण आईला काय करू? उचलून नेऊ?" ती डोळे पुसत नव्हती, त्यामुळे पाणी तसंच मास्कमध्ये जात होतं. मला मावशीचं बोलणं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती उठून गेली.

गुरुवारी सकाळी पथकाची गाडी आली. अंगणात लाल स्टुलं मांडली, टेबल मांडलं, अंड्यांचे खोके एकावर एक रचले, आणि समोर कोणी नाही. म्हणजे लोक होते, पण देवळाच्या कुंपणापलीकडे, फुकटचा तमाशा बघायला. कोबाई सारखं घड्याळ बघत होत्या. युचाय टेबलाशी उभी राहून अंड्यांचे खोके सरळ करत होती. ते सरळच होते.

तेवढ्यात बोंगछी मावशी आली. हातांवर चढवलेल्या कामाच्या फुलाफुलांच्या बाह्या, गमबूट, शेडमधून उठून तशीच. सुनेकडे न बघता ती देवळाच्या पायऱ्या चढली. खुनकाका नाश्त्याला गेले होते, आत चिटपाखरू नव्हतं. माझ्या दुकानातून तिची वाकलेली पाठ दिसत होती, आणि चंद्रकोरी फरशीवर पडल्याचा आवाज येत होता. पडल्या, तिने उचलल्या, पुन्हा पडल्या. तीनदा. मग ती थोडा वेळ तिथेच बसून राहिली. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

बाहेर येऊन ती वरच्या पायरीवर थांबली. तिला माइक लागत नाही. "मी माझ्यापुरतं विचारलं," ती म्हणाली. "बोंगछी, खाडीकडचं घर, सुई घेऊ का? तीनदा विचारलं, देवाने तीनदा हो म्हटलं. ऐकलंत ना सगळ्यांनी? माझं काही बरंवाईट झालं तर ओंगयाला जाब विचारा. दुसऱ्या कोणाला नाही."

ती खाली उतरली, स्टुलावर बसली आणि बाही वर केली. सुई टोचताना युचायने तोंड फिरवलं होतं.

आता लस घेतली की अर्धा तास तिथेच बसायचं असतं, काही त्रास होतो का ते बघायला. कुंपणापलीकडची मंडळी हळूहळू आत आली, पण रांगेत कोणी उभं राहीना. सगळे मावशीभोवती कोंडाळं करून उभे, म्हातारी मरते का ते बघायला. कोबाईंनी सांगितलं की थांबू नका, माझ्याकडे वेळ नाही, दुसऱ्या गावाला जायचंय. कोणी हललं नाही. युचाय ओरडली की लांब उभे राहा, निदान मास्क तरी नाकावर घ्या. तेही कोणी ऐकलं नाही. मावशी हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. चेहरा पांढरा, नजर देवळाच्या दाराकडे. मला वाटलं, दम लागला असेल. मग तिचे डोळे मिटले आणि मान छातीवर पडली.

गर्दीतून एक हाय निघाली. युचाय टेबल ओलांडून धावली, कोबाई यंत्र घेऊन धावल्या, तेक मागे सरताना अंड्यांवर बसला. युचायने सासूचे दोन्ही खांदे धरले आणि आई, आई करत गदागदा हलवलं. मावशीने एक डोळा उघडला.

"कोण मेलं?" तिने विचारलं. रात्रभर झोप नाही, जरा डोळा लागला होता, म्हणाली. मग ती आपले खांदे घट्ट धरलेल्या युचायच्या हातांकडे बघत राहिली.

त्यानंतर जे झालं ते मला लिहायलाही नको वाटतं. देवाने मावशीला हो म्हटलं आणि मावशी जिवंत आहे, एवढं दिसल्यावर अख्खं गाव टेबलावर तुटून पडलं. काही जण आत जाऊन आपापला कौल लावून आले, काहींना तेवढाही धीर नव्हता. आणि लस होती मूठभर लोकांपुरती. बघता बघता संपली. युचायने स्वतःच्या नावची तेकला देऊन टाकली, कारण तो सगळ्यात जोरात ओरडत होता आणि त्याला खरंच दमा आहे. पथक सामान आवरायला लागलं तेव्हा अंगणात तोबा गर्दी होती आणि सगळ्यांची तोंडं युचायकडे. एवढीशीच का मागवलीस? तुला गावाची काही काळजी आहे की नाही? घरच्या म्हातारीला पहिली टोचलीस आणि आम्ही वाऱ्यावर? दंडाला कापूस लावलेला तेकसुद्धा त्यात होता, आणि त्याच्या विजारीला अंड्याचा बलक.

मला वाटलं, आता ही भडकणार, आणि मी वाट बघत होते की भडकावी. पण ती खुर्चीवर बसली, माइक घेतला आणि थकलेल्या आवाजात म्हणाली की ज्यांना पाहिजे त्यांनी नावं द्या, मी पुन्हा तालुक्याला जाऊन बसते. चारही कर्ण्यांतून ते गेलं, आणि समोर उभी असलेली माणसंही मान वर करून कर्ण्यांकडेच बघत होती.

दुपारी बोंगछी मावशी माझ्या दुकानात आली. देवाला जाळून वाहायच्या सोनेरी कागदांचा सगळ्यात जाड गठ्ठा दे, म्हणाली. एवढा गठ्ठा लोक देवाच्या वाढदिवसाला नेतात. मी विचारलं, नवस फेडायचाय का.

"माफी मागायचीय," ती म्हणाली. मग दाराबाहेर कोणी नाही ना ते बघून म्हणाली, "हिओंग, पालथ्या पडल्या गं. तिन्ही वेळा, दोन्हीच्या दोन्ही पालथ्या."

मी गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. ओंगयाने नाही म्हटल्यावर त्याच्याच पायरीवर उभं राहून हो सांगायचं, हे आमच्याकडे कोणी स्वप्नातही करणार नाही. आणि ते सांगून ही बाई सुई घ्यायला बसली होती. तो अर्धा तास लोक बघत होते, मरते की काय. ती मरणारच म्हणून बसली होती.

"मग घेतलीत कशाला?" मी विचारलं.

"पोरगी रात्री स्वयंपाकघरात भांडी घासत रडत होती. नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून." ती गठ्ठ्याची दोरी नीट करत होती. "देवाचं काय, तो समजून घेईल. त्याला कुठे निवडणूक लढवायचीय."

इतक्यात स्कूटर थांबली आणि युचाय आत आली. तालुक्याला निघाली होती, मावशी दिसली म्हणून थांबली. सासूच्या हातातला गठ्ठा बघून तिचं डोकंच फिरलं. आज सुई घेतलीय, धुरात उभं राहायचं नाही, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं, माझं या घरात कोणी ऐकतं का, असं एका दमात बोलून तिने गठ्ठा हिसकावला. जाळायचाच ना, मी जाळते, तुम्ही इथे बसा, म्हणाली, आणि तरातरा कागद जाळायच्या भट्टीकडे गेली. मावशी उठायला लागली, मी तिला धरून बसवलं.

भट्टी दुकानासमोरच आहे. युचाय कागद मूठ मूठ करून आत टाकत होती, धूर तोंडावर येत होता. देवाशी बोलताना लोक आवाज खाली करतात. तिला ते कधी जमलं नाही.

"मी सगळ्यांसाठी मागितलं तर मला नाही म्हणालास," ती भट्टीला सांगत होती. "आईला मात्र तीनदा हो. माझ्यावरच राग आहे का रे तुझा? मी काय वाईट केलं?"

बोंगछी मावशीने माझ्याकडे बघितलं. मी उदबत्त्यांचे पुडे काढून पुन्हा मांडायला घेतले. युचायने शेवटची मूठ आत टाकली, हात जोडले, आणि स्कूटर काढून तालुक्याच्या बाकावर बसायला निघून गेली.